दौलताबादची द्राक्षे आणि भुरी

द्राक्षवेलीवरील भुरी हा दख्खनच्या मातीतला रोग नव्हे. ज्या बुरशीमुळे तो होतो तिचे मूळ उत्तर अमेरिकेतील रानवेलींत आहे, आणि तिचे पहिले शास्त्रीय वर्णन १८३४ मध्ये श्वाइनिट्झ या अभ्यासकाने केले तेही अमेरिकेतच. युरोप-आशियातील द्राक्षमळ्यांनी १८४५ पर्यंत ती पाहिलेली नव्हती. आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील दौलताबादला त्याआधी पाचशे वर्षे द्राक्षे पिकत होती. तुघलकांपासून मुघलांपर्यंत आणि पुढे निजामाच्या पहिल्या पिढ्यांपर्यंत ज्यांनी ती खाल्ली, त्यांच्या घडांवर पक्षी, मधमाश्या, अवकाळी पाऊस अशी सगळी संकटे आली असतील. राखेसारखी पांढरी पूड मात्र आली नाही.

या परिसरातील द्राक्षशेतीचा आरंभ फलोद्यानाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत मुहम्मद तुघलकाच्या राजधानीबदलाशी जोडलेला असतो. १३२७ मध्ये दिल्लीहून दरबार देवगिरीला आला, देवगिरीचे दौलताबाद झाले आणि इराणी-अफगाणी वेली त्याच वाटेने दक्षिणेत उतरल्या, असे सांगितले जाते. हा हिशेब थोडा घाईचा वाटतो. १३४२ च्या सुमारास इब्न बतूता येथून गेला तेव्हा त्याने दौलताबादच्या द्राक्षांचा आणि डाळिंबांचा उल्लेख केला, आणि ही फळे वर्षातून दोनदा येतात असेही नोंदवले. अवघ्या पंधरा वर्षांत नव्याने आणलेल्या वेलीची अशी कीर्ती होणे अशक्य नाही, पण काही वेली येथे आधीपासून असाव्यात आणि दिल्लीकरांनी त्यांत निवडक जातींची भर घातली असावी, हे अधिक संभवते.

त्या प्रवाशाच्या नोंदीतील महत्त्वाचा भाग द्राक्षे गोड होती की आंबट हा नाही. ती वर्षातून दोनदा येत हा आहे. समशीतोष्ण देशांत वेल थंडीत पाने टाकते, तीन-चार महिने निजते आणि वसंतात जागी होते. दख्खनच्या पठारावर तिला निजवण्याइतकी थंडी नसते. छाटले की ती फुटते, पुन्हा छाटले की पुन्हा फुटते. त्यामुळे येथील वेलीचे वर्ष ऋतूंनी ठरत नाही, माळ्याच्या कात्रीने ठरते. पावसाळ्यात येणारे फळ आंबट आणि पाणचट, तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होणारे गोड, हा अनुभव हळूहळू पक्का झाला. पुढे पावसाळी पीक सोडून देऊन एप्रिलची छाटणी केवळ काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरची फळासाठी, अशी रीत महाराष्ट्रभर रूढ झाली. पहिलीला खरड छाटणी आणि दुसरीला गोडी छाटणी म्हणतात. भुरीचा दख्खनमधील सारा इतिहास या दोन छाटण्यांच्या मध्ये घडला आहे.

मध्ययुगीन मळ्यांसाठी अडचण होती ती पाण्याची. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये दौलताबादजवळ खडकी वसवली आणि डोंगरातील झरे जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणले. नहर-ए-अंबरी नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था आणि तिच्या धर्तीवर पुढे बांधलेल्या इतर नहरी यांवर हौद, कारंजी आणि बागा पोसल्या गेल्या. औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारीत, १६५३ पासून, शहराला औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) हे नाव मिळाले. दिल्ली दरवाजाजवळची हिमायत बाग ही त्याच मुघल परंपरेतील. या बागांत आणि आसपासच्या मळ्यांत द्राक्ष हे श्रीमंताघरचे फळ होते. भोकरी, फकडी, हबशी, साहेबी या दख्खनच्या जुन्या जाती. बहुतेक बियांच्या, आणि दूरच्या बाजाराला न टिकणाऱ्या. नाशिक आणि पुणे भागात वेल जिवंत पांगाऱ्याच्या खांबावर चढवत. पांगाऱ्याला पाला असे आणि त्याची सावली वेलीवर पडे. तेव्हा ती उन्हापासून आडोसा म्हणून चांगली मानली जाई. भुरी आल्यावर हीच सावली महागात पडणार होती.

१८४५ मध्ये इंग्लंडमधील मार्गेट येथे एडवर्ड टकर नावाच्या माळ्याला काचघरातील द्राक्षांवर पांढरी बुरशी दिसली. बर्कली या पाद्री शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये तिला टकरचेच नाव दिले. दोन-तीन वर्षांत ती पॅरिसजवळच्या काचघरांत आणि तेथून साऱ्या फ्रान्सच्या मळ्यांत पोचली. १८५० साली फ्रान्समध्ये साडेचार कोटी हेक्टोलिटरच्या घरात वाइन झाली होती. १८५४ साली ती सुमारे १ कोटी १० लाख हेक्टोलिटरवर आली. उपाय मात्र लवकर सापडला. टकरनेच गंधक आणि चुना वापरून पाहिला होता. व्हर्सायचा बागप्रमुख ग्रिझॉन याने १८५२ च्या सुमारास दोन्ही एकत्र उकळून फवारा तयार केला, आणि माँपेलिए भागात आंरी मारेस याने कोरड्या गंधकाची धुरळणी कोणत्या अवस्थेत किती वेळा करावी हे बसवून दाखवले. द्राक्षावरील दुसरा मोठा बुरशीरोग म्हणजे केवडा. तो युरोपात १८७८ मध्ये पोचला आणि त्यावरचे बोर्डो मिश्रण १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. पिकांवर ठरवून औषध मारण्याची आधुनिक रीत या दोन रोगांनी रुजवली, असे म्हणता येते. दोघांचे मूळ अमेरिकेत, दोघांची औषधे फ्रान्सची, आणि दोघेही पुढे दख्खनमध्ये एकाच वेलीवर नांदू लागले.

विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम भारतातील मळ्यांत भुरी पक्की बसलेली होती. पुसा येथील वनस्पतिरोगतज्ज्ञ एडविन बटलर यांचा भारतातील पिकांच्या बुरशीरोगांवरील ग्रंथ १९१८ मध्ये आला; या विषयाचा येथील पाया त्या ग्रंथाने घातला. मुंबई इलाख्यात द्राक्षावरील भुरीचा स्वतंत्र, शेतापर्यंत पोचणारा अभ्यास मात्र बी. एन. उप्पल, जी. एस. चीमा आणि एम. एन. कामत यांनी केला. भुरी आणि तिचे इलाख्यातील नियंत्रण या विषयावरची त्यांची पत्रिका १९३१ च्या सुमारास कृषी खात्याने काढली. यांतील उप्पल आणि कामत हे रोगतज्ज्ञ, तर चीमा हे पुण्यातील गणेशखिंड येथील फळबागतज्ज्ञ. पांढऱ्या साहेबीच्या रोपांतून त्यांनी निवडलेली जात आजही चीमा साहेबी म्हणून ओळखली जाते. रोगाचा जाणकार आणि वेलीचा जाणकार एकत्र बसले, हेच या कामाचे बळ. युरोपचे वेळापत्रक येथे जसेच्या तसे चालणार नव्हते. तेथे धुरळणीची सुरुवात वसंतातील फुटीपासून मोजतात. येथे ती छाटणीच्या तारखेपासून मोजावी लागते. आजही महाराष्ट्रातील बागायतदार छाटणीनंतर किती दिवस झाले त्यावरून फवारणी सांगतो. एवढा साधा हिशेब, पण भुरीचे सारे व्यवस्थापन त्यावर उभे आहे.

त्याचे कारण बुरशीच्या वागण्यात सापडते. बहुतेक बुरशींना रुजण्यासाठी पानावर पाणी लागते. भुरीला ते नको असते. तिचे बीजाणू कोरड्या पानावर, हवेतील दमटपणावरच रुजतात, उलट पानावर पाणी साचले तर त्यांची हानी होते. वीस ते सत्तावीस-अठ्ठावीस अंश तापमान, ढगाळ आकाश आणि दाट पालवीची सावली मिळाली की आठवड्याभरात एक पिढी पुरी होते. प्रखर ऊन तिला मानवत नाही, पस्तीस अंशांच्या वर वाढ थांबते आणि चाळिशीत ती मरू लागते. बुरशी पानाच्या वरच्या त्वचेवर पसरते, आत फक्त शोषके घुसवते; म्हणून बोटाने पुसली तर पूड निघते आणि खाली तपकिरी जाळी दिसते. कोवळ्या मण्याची साल तिने मारली की साल वाढत नाही, आतला गर मात्र वाढत राहतो, आणि मणी तडकतो. तडकलेला मणी खाण्याच्या कामाचा नाही आणि बेदाण्याच्याही.

हे वर्णन मराठवाड्याच्या पंचांगावर ठेवले की वर्षाचा क्रम उलगडतो. एप्रिल-मेमध्ये छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिशी गाठतो. उघड्या पानावर भुरी त्या वेळी तग धरत नाही. पण खरड छाटणीनंतरची फूट जिथे दाट होते तिथे, सावलीत, ती जिवंत राहते. याच काळात काडीवर पुढच्या हंगामाचे डोळे तयार होत असतात. डोळा बंद होण्यापूर्वी बुरशी त्यात शिरली तर ती तशीच आत बसून राहते आणि ऑक्टोबरमध्ये तो डोळा फुटला की कोवळ्या फुटव्याबरोबरच बाहेर येते. पावसाळ्यात सरी तिला धुऊन काढतात आणि रान केवड्याला मोकळे होते. गोडी छाटणीनंतरचे पहिले दीड-दोन महिनेही, परतीचा पाऊस असेल तर, केवड्याचेच. नोव्हेंबर सरला, दव आणि थंडी आली, आणि त्यातच बंगालच्या उपसागरातल्या एखाद्या वादळाचे ढग चार दिवस आभाळात रेंगाळले की भुरीची पाळी येते. नेमके तेव्हा मणी फुगत असतात. फलधारणेनंतरच्या तीन-चार आठवड्यांत मणी सर्वांत नाजूक असतो. पुढे साखर भरू लागली की तो स्वतः बराचसा सुरक्षित होतो. देठ आणि पाने मात्र काढणीपर्यंत बळी पडत राहतात. डिसेंबरात घडावर दिसलेली भुरी पुष्कळदा मे महिन्यातल्या हयगयीची असते, हे बागायतदाराला पटवणे कोणत्याही औषधापेक्षा अवघड गेले आहे. उन्हाळ्यात वेलीवर फळ नसते, आणि फळ नसलेल्या वेलीवर पैसा घालायला हात धजत नाही.

समशीतोष्ण देशांत ही बुरशी हिवाळा काढण्यासाठी जाड कवचाची काळी फळे धरते. दख्खनमध्ये तिला त्याची फारशी गरज पडत नाही. वेल झोपत नाही म्हणून बुरशीलाही झोपावे लागत नाही. इब्न बतूताला ज्याचे कौतुक वाटले ती दुबार फळणारी वेलच भुरीला बारमाही आसरा देणारी ठरली.

पुण्यात पत्रिका निघाली तेव्हा औरंगाबाद मुंबई इलाख्यात नव्हते. १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. नाशिक दोनशे किलोमीटरच्या आत असले तरी कृषी खाते निराळे, भाषाव्यवहार निराळा आणि द्राक्षाची जातही निराळी. हैदराबादच्या बाजूला अनाब-ए-शाही ही मोठ्या, लांबट, पांढऱ्या मण्यांची जात रुजली होती. नाशिककडे भोकरी आणि पुढे चीमांच्या निवडी. मराठवाडा महाराष्ट्रात आल्यानंतर, १९६० च्या दशकात, दोन्हीकडच्या जाती मागे टाकून बिनबियांची थॉमसन सीडलेस पुढे आली. याच दशकारंभी महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ उभा राहिला. सांगली जिल्ह्यात तास-ए-गणेश आणि सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांची सोनाका, अशा थॉमसनमधूनच निवडलेल्या जाती शेतकऱ्यांनी स्वतः शोधल्या. उत्पन्न आणि भाव दोन्ही वाढले. भुरीच्या बाबतीत मात्र या सगळ्या जाती एकाच कुळातल्या, युरोप-आशियाई द्राक्षाच्या, म्हणून सारख्याच दुबळ्या. अमेरिकन रानवेली पिढ्यान्‌पिढ्या या बुरशीबरोबर वाढल्यामुळे तिला तोंड देतात. ही वेल तिला पहिल्यांदा भेटली ती एकोणिसाव्या शतकात. पुढे पाणी कमी आणि क्षार जास्त म्हणून डॉगरिजसारख्या अमेरिकन वंशाच्या खुंटावर कलमे बांधण्याची पद्धत सर्वत्र आली. मुळे अमेरिकन झाली, पण खुंटाचा काटकपणा वरच्या पानांत चढत नाही.

पांगाऱ्याच्या जागी तारांचा मांडव आला तो याच काळात. मांडवावर पीक भरपूर येते आणि घड सावलीत राहतात. पण वरचा पाला जुळला की खाली दिवसाही संधिप्रकाश असतो, औषध घडापर्यंत पोचत नाही आणि हवा हलत नाही. नंतर आलेल्या वाय आकाराच्या आधारात मधली फट उघडी राहते. बगलफूट काढणे, घडाजवळची पाने खुडणे, काड्यांची संख्या मोजून ठेवणे ही कामे मजुरीची असल्याने नेहमी मागे पडतात, तरी भुरीविरुद्ध त्यांच्याइतका टिकाऊ इलाज दुसरा नाही. ऊन आत येऊ देणे, एवढाच त्यांचा अर्थ.

औषधांचा इतिहास लवकर सांगून होतो, कारण त्याचा आकार एकच आहे. नवे औषध येते, काही हंगाम चमत्कार करते आणि मग ढिले पडते. गंधकाची भुकटी पहाटेच्या दवात विरळ कापडाच्या पिशवीतून झटकत किंवा हाताच्या यंत्राने उडवत; पुढे पाण्यात मिसळणारे ८० टक्क्यांचे गंधक आले. डिनोकॅप आले, सत्तरीच्या दशकात बेनोमिल आणि कार्बेन्डाझिम आले, मग हेक्झाकोनॅझोल, पेन्कोनॅझोल, मायक्लोब्युटॅनिल ही ट्रायझोल कुळातील आंतरप्रवाही औषधे आणि शतकाच्या अखेरीस अॅझॉक्सिस्ट्रोबिन. आंतरप्रवाही औषध बुरशीच्या शरीरातील एकाच जागेवर घाव घालते. ती जागा बदललेली बुरशी जगते आणि वाढते. या प्रत्येक कुळाविरुद्ध भुरीने जगात कुठे ना कुठे प्रतिकार कमावला आहे. गंधक एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते, म्हणून पावणेदोनशे वर्षांनीही ते बोथट झालेले नाही. त्याचे दोष वेगळे: पस्तीस अंशांच्या वर पाने करपवते, थंडीत नीट काम करत नाही, आणि मणी पाणी धरू लागल्यावर मारले तर डाग ठेवते. ज्या उन्हाळ्यात डोळ्यांत शिरणारी भुरी रोखायची त्याच उन्हाळ्यात गंधक जपून वापरावे लागते, ही मराठवाड्याची खास अडचण आहे.

१९९१ मध्ये महाग्रेप्स ही सहकारी निर्यात व्यवस्था उभी राहिली आणि बागेत किती भुरी आहे याबरोबर घडावर किती औषध उरले आहे हाही प्रश्न आला. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. कृषी निर्यातीची सरकारी संस्था अपेडा हिने २००६ पासून ग्रेपनेटद्वारे प्रत्येक निर्यातक्षम बागेची नोंद आणि अवशेष तपासणी बांधून घातली. प्रत्येक औषधाला काढणीपूर्वीचा थांबण्याचा काळ ठरला. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षे अडकली ती वाढरोधकाच्या अवशेषांमुळे; भुरीच्या औषधाचा त्यात संबंध नव्हता, तरी धास्ती सगळ्याच फवारण्यांना लागली. शेवटच्या महिन्यात हाताशी फार थोडे उरते: पोटॅशियम बायकार्बोनेट, बॅसिलस सबटिलिस, ट्रायकोडर्मा, आणि भुरीवरच वाढणारी अॅम्पेलोमायसिस ही बुरशी. ही सगळी आधीच आटोक्यात आणलेला रोग तसाच ठेवतात, मोकाट झालेला परतवत नाहीत. गंधकाला युरोपीय संघाने अवशेष मर्यादेतून वगळले आहे. नव्या प्रयोगशाळांच्या काळात सर्वांत जुने औषध पुन्हा मानाने बसले ते यामुळे.

दौलताबादच्या किल्ल्याच्या रस्त्यावर आज सीताफळ आणि पेरूच अधिक दिसतात. मराठवाड्यातील द्राक्षाचा भर इतरत्र सरकला आहे. त्याचे ठळक उदाहरण शेजारच्या जालना जिल्ह्यातील कडवंची. विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने १९९६ पासून तेथे पाणलोटाचे काम केले. बांधबंदिस्ती आणि त्यामागून शेततळी झाली, आणि कोरडवाहू गाव द्राक्षाचे झाले. येथील भुरीचे व्यवस्थापन नाशिकपेक्षा एका बाबतीत वेगळे पडते. शेततळ्याचे पाणी मोजके असते, म्हणून छाटणी पाण्याच्या हिशेबाने पुढे-मागे होते आणि एकाच शिवारात बागा वेगवेगळ्या वयाच्या राहतात. एका बागेतले मणी सुरक्षित अवस्थेत गेले तरी शेजारी कोवळे मणी असतात, आणि वाऱ्याने उडणाऱ्या बीजाणूंना बांध आडवा येत नाही. ज्या गावात छाटण्या पंधरा दिवसांच्या आत उरकतात तेथे एकत्र फवारणीचा उपयोग होतो. जिथे त्या दीड महिना चालतात तेथे प्रत्येकाला आपापले पाहावे लागते.

भुरी हे नाव या भागात द्राक्षापुरते नाही. हिमायत बागेत परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे, आणि तेथील आमराईला जानेवारीत मोहर आला की त्यावरही भुरी येते. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोरडवाहू मराठवाड्यात बोरीची लागवड पसरली. तिच्या कोवळ्या फळांवरही पाऊस संपताच हीच पांढरी पूड दिसते. दिसायला सारख्या असल्या तरी या बुरशी भिन्न आहेत. आंब्याची भुरी द्राक्षावर जात नाही आणि द्राक्षाची बोरीवर.  शेजारच्या आंब्यामुळे बाग गेली, ही तक्रार म्हणून खरी नसते. इलाज मात्र पुष्कळसा सामाईक: आंब्याला मोहर फुटताना आणि पुढे पंधरवड्याच्या अंतराने दहा लिटर पाण्यात वीस ग्रॅम विद्राव्य गंधक, बोरीला फळे वाटाण्याएवढी होण्याआधी फवारणी, आणि दोन्हींना आतल्या फांद्यांची विरळणी.

रोगाला दाद न देणारी वेल तयार करण्याचे प्रयत्नही महाराष्ट्रातच झाले आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकन कटावबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ ही बुरशीरोगांना बऱ्यापैकी तोंड देणारी जात काढली. ती रसासाठी आणि मनुक्यांसाठी चांगली आहे, पण लांब मण्यांच्या पांढऱ्या द्राक्षाला मिळणारा निर्यातीचा बाजार तिला नाही. त्यामुळे कडवंचीसारख्या गावांत थॉमसन आणि तिच्या निवडीच लावल्या जातात, आणि त्यांच्याबरोबर खरड छाटणीपासूनचा भुरीचा हिशेबही.